करारात नऊ हजार, हातात तीन: वेतन करारांविषयी वाचकांचे प्रश्न

चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतून या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत करार झाला, होणार आहे किंवा अडला आहे. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आणि टॉवेल आठवतो, पण इथे इंजिनाच्या झडपा उघडणारे-मिटणारे कॅमशाफ्टही ओतले जातात, घासले जातात आणि परदेशी गाड्यांत बसतात. कारखान्यांची नावं पत्रांतून गाळली आहेत.

प्रश्न: आमचा तीन वर्षांचा करार झाला. गेटवरच्या फलकावर ‘९,००० रुपये वाढ’ लागलं, पेढे वाटले गेले. पहिल्या स्लिपमध्ये हातात फक्त ३,१३९ रुपये जास्त आले. एचआर म्हणतं, करारात आहे तेवढंच दिलंय. नक्की कुणी फसवलं?
— एक कामगार, विडी घरकुल

उत्तर: बहुधा कुणीच नाही. तुमच्या ३,१३९ या आकड्यावरूनच करार कसा लिहिला असेल ते कळतं.

९,००० ही तीन वर्षांची मिळून वाढ. टप्पे ५०-२५-२५ धरले तर पहिल्या वर्षी ४,५००, दुसऱ्या वर्षी त्यावर २,२५० आणि तिसऱ्या वर्षी आणखी २,२५०. ही झाली पहिली कात्री. दुसरी कात्री म्हणजे ही वाढ ग्रॉसवर, म्हणजे कपातीआधीच्या पगारावर नाही; सीटीसीवर, म्हणजे कंपनीला माणसामागे पडणाऱ्या एकूण खर्चावर आहे. म्हणजे ४,५०० मध्येच मालकाचा पीएफ १२ टक्के, ईडीएलआय (पीएफला जोडलेला विमा) व प्रशासकीय खर्च मिळून १ टक्का, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के आणि बोनस ८.३३ टक्के बसवले. बेरीज २६.१४ टक्के. ४,५०० ला १.२६१४ ने भागा, ३,५६७ येतात. ही झाली बेसिक-डीएमधली, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्त्यातली खरी वाढ. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ १२ टक्के, म्हणजे ४२८ गेले. राहिले ३,१३९. तुमची स्लिप बरोबर आहे, चुकला तो फलक.

तरी हे सगळं नुकसान समजू नका. दर महिन्याला तुमचे ४२८ आणि मालकाचे ४२८ तुमच्याच नावावर जमा होतात. ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिक-डीएवर आणि संपूर्ण नोकरीच्या वर्षांवर मोजतात: नोकरीच्या एका वर्षाला महिन्याच्या पगाराचे २६ पैकी १५ भाग. म्हणजे आजचे ३,५६७ रुपये, २५ वर्षांची नोकरी करून निवृत्त होताना, ग्रॅच्युइटीत ५१ हजारांच्या वर भर घालतात. हीच वाढ घरभाडे, धुलाई, शिक्षण अशा भत्त्यांत टाकली असती तर स्लिप आज जाड दिसली असती आणि निवृत्तीचा चेक बारीक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. तिच्या व्याख्येनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. त्यामुळे सगळं भत्त्यांत कोंबायची जुनी सोय तशीही आखडली आहे.

एक गोष्ट मात्र स्लिपवर तपासाच. काही ठिकाणी पीएफ फक्त १५,००० वर, म्हणजे महिना १,८०० रुपयेच कापतात. तुमचं बेसिक-डीए आधीच १५,००० च्या वर असेल, पीएफ १,८०० वरच थांबलेला असेल आणि तरीही सीटीसीच्या हिशेबात वाढीवर १३ टक्के पीएफचा खर्च दाखवला असेल, तर तो खर्च मालकाचा होतच नाही. तिथे भांडायला जागा आहे.

टप्प्यांकडे लोक लक्ष देत नाहीत, म्हणून तोही हिशेब देतो. तेच ९,००० तीन तऱ्हांनी: ६०-२०-२० असेल तर ३६ महिन्यांत २,५९,२०० रुपये मिळतात, ५०-२५-२५ मध्ये २,४३,०००, आणि ४०-३०-३० मध्ये २,२६,८००. पहिल्या आणि शेवटच्या तऱ्हेत माणशी ३२,४०० चा फरक, आणि फलकावर मात्र आकडा तोच. आमचं मत विचाराल तर फलकावरचा आकडा पाचशेनं कमी घेऊन पहिला टप्पा ६० टक्क्यांचा घ्यावा. ८,५०० चे ६०-२०-२० केले तर तीन वर्षांत २,४४,८०० होतात, म्हणजे तुमच्या नऊ हजारांपेक्षा जास्तच.

प्रश्न: करारात ‘उत्पादकता १० टक्के वाढवून देणे’ असं एक वाक्य होतं. आता आमच्या जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) ग्राइंडिंग मशीनचा नॉर्म, म्हणजे शिफ्टला काढायचे नग, २७८ वरून ३०६ केला आहे. कितीही हात चालवला तरी निघत नाहीत. सुपरवायझर म्हणतो, मशीनची सायकल ७० सेकंदांची आहे, गणित करून बघा. लोडिंग हातानं आहे, दर २५ नगांनंतर चाक ड्रेस करावं, म्हणजे घासून पुन्हा धारदार करावं लागतं.
— एक ऑपरेटर, मोहोळ

उत्तर: सुपरवायझरचं गणित असं असणार: शिफ्ट ४८० मिनिटांची, जेवण, दोन चहा, सुरुवात आणि साफसफाई मिळून ६० मिनिटं वजा, उरली ४२० मिनिटं म्हणजे २५,२०० सेकंद. भागिले ७० म्हणजे ३६० नग. त्याचे ८५ टक्के ३०६. कागदावर १५ टक्के सूट दिलेली दिसते, म्हणून ते उदारही वाटतं.

पण सायकल म्हणजे फक्त मशीन चालण्याचा वेळ, नगाचा पूर्ण वेळ नव्हे. हातानं उतरवणं, सेंटर पुसणं, नवा नग चढवणं याला १२ सेकंद धरा. ड्रेसिंगला दर वेळी ९० सेकंद लागत असतील तर २५ नगांत वाटून नगामागे ३.६ सेकंद. एकूण ८५.६ सेकंद. २५,२०० ला ८५.६ ने भागले की २९४ येतात. हेही मशीन एक मिनिट बंद न पडता, माल एकदाही न थांबता, माणूस एकदाही न वळता. म्हणजे ती १५ टक्के सूट लोडिंग आणि ड्रेसिंगच खाऊन टाकतात, बिघाडाला आणि माणसाला काही उरत नाही. २७८ काढत होतात तेव्हाच तुम्ही २९४ च्या ९४ टक्क्यांवर होता. वाढ मागायला तिथे जागा नव्हती.

कराराच्या बैठकीत ‘१० टक्के’ हा शब्द सोपा वाटतो, कारण तो सगळ्या मशिनांना एकदम लागतो. टर्निंगला कदाचित जमेल, ग्राइंडिंगला नाही. म्हणून नॉर्म मशीननिहाय परिशिष्टात लिहून घ्यावा. आता उशीर झाला असला तरी संयुक्त टाइम स्टडी, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून घड्याळ लावून मोजणी मागा, आणि ती कशी व्हावी हे आधी लिहून द्या. नव्या चाकावर मोजलेला वेळ धरू नका. चाकाचा व्यास ६०० मिलिमीटरवरून ४५० पर्यंत घटतो तेव्हा त्याच आरपीएमवर कडेचा वेग पाव भागानं कमी होतो. मग फीड (चाक नगात शिरण्याचा वेग) तेवढाच ठेवला की चाकाच्या कणांवर भार वाढतो, चाक लवकर झिजतं आणि ड्रेसिंग २५ ऐवजी १५ नगांवर येतं. स्टडी सोमवारी नव्या चाकावर झाली आणि नॉर्म शनिवारी जुन्या चाकावर मागितला, हा नेहमीचा प्रकार. म्हणून नवं, मध्यम आणि जुनं अशा तीन चाकांवर, तिन्ही शिफ्टमध्ये मोजणी व्हावी. आधीच्या ऑपरेशनमधून येणारा ग्राइंडिंगचा स्टॉकही, म्हणजे घासून काढायचा जादा थर, मायक्रोमीटरनं मोजून नोंदवावा. तो जास्त आला की दोष तुमच्या मशीनवर दिसतो आणि कारण मागच्या मशीनवर असतं.

वाटाघाटीत तुमच्या बाजूचा मुद्दा असा मांडा: ड्रेसिंग क्वचितच लागणारं सीबीएन (अतिकठीण कणांचं) चाक दिलं तर नगाला ८२ सेकंद उरतात आणि २५,२०० मध्ये ३०७ बसतात. म्हणजे आजचा नॉर्म हा सीबीएनचा, एकही सेकंद न थांबता धरलेला नॉर्म आहे. चाक तसं द्या, वर बिघाडाची सूट धरा, मग बोलू. वीज गेली, माल आला नाही, सेटिंग बदललं, या वेळेची नोंद लॉगशीटवर त्याच वेळी करून सुपरवायझरची सही घ्यायची. महिन्याअखेरीला आठवून लिहिलेल्या नोंदीला कुणी विचारत नाही.

प्रश्न: आमच्याकडे महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या पॉइंटवर आहे. युनियन म्हणते ऑल इंडिया धरा, कंपनी म्हणते सोलापूरचा. कोणता फायद्याचा?
— युनियन पदाधिकारी, चिंचोळी

उत्तर: पुढे कोणता जास्त चढेल हे आज सांगता येत नाही, पण दोन्ही निर्देशांक वेगळे वागतात हे खरं. गिरण्यांच्या काळापासून सोलापूरचा स्वतंत्र निर्देशांक निघतो, आणि आजच्या २०१६ = १०० मालिकेतल्या ८८ केंद्रांत सोलापूर आहे. ऑल इंडिया म्हणजे या सगळ्या केंद्रांची भारित सरासरी, त्यामुळे तो संथ चालतो. एका केंद्राचा निर्देशांक ज्वारी-भाजीच्या भावानं एखाद्या महिन्यात उडी मारतो. शिवाय घरभाड्याचा भाग सहा महिन्यांतून एकदा, जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, म्हणून त्या महिन्यांत झटका दिसतो. सोलापूर घेणार असाल तर एका महिन्याचा आकडा न घेता सहा महिन्यांची सरासरी घ्या. निर्देशांक काढणारा केंद्र सरकारचा लेबर ब्युरो आकडा पुढच्या महिन्याच्या शेवटी जाहीर करतो, तेव्हा कोणत्या महिन्यांच्या सरासरीवर कोणत्या महिन्यापासून भत्ता, हेही करारात यायला हवं.

यापेक्षा मोठा पैसा दुसरीकडे जातो, आणि त्यावर बैठकीत सहसा कुणी बोलत नाही. तुमचा पॉइंटचा दर कोणत्या मालिकेवर ठरला होता? सप्टेंबर २०२० च्या निर्देशांकापासून २००१ ची मालिका जाऊन २०१६ ची आली, आणि जुनी-नवी मालिका जोडणारा ऑल इंडियाचा जोड घटक २.८८ आहे. म्हणजे नव्या मालिकेचा १ पॉइंट जुन्या २.८८ पॉइंटांएवढा. जुना दर पॉइंटला ४ रुपये असेल तर नव्या मालिकेत तो ११ रुपये ५२ पैसे व्हायला हवा. नुसतं ‘पॉइंटला ४ रुपये’ असं वाक्य नव्या करारात उतरवलं, तर नवे १० पॉइंट वाढल्यावर ११५ रुपये २० पैशांऐवजी ४० रुपये मिळतील. दर महिन्याला, दर माणशी, आणि पुढच्या प्रत्येक वाढीवर. सोलापूर केंद्राचा जोड घटक वेगळा आहे. केंद्राचा निर्देशांक धरला तर २.८८ न लावता तोच लावायचा. पुढची मालिका कधी ना कधी येईलच, म्हणून आतापासून एक ओळ टाका: ‘निर्देशांकाची मालिका बदलल्यास लेबर ब्युरोने जाहीर केलेल्या त्याच निर्देशांकाच्या जोड घटकाने पॉइंटचा दर त्याच महिन्यापासून बदलला जाईल.’

प्रश्न: मी छोटा व्हेंडर आहे. नऊ सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशिनी, बारा-तेरा पोरं. मोठ्या कारखान्यात करार झाला की आमची पोरंही पगार मागतात, पण आमचा दर कुणी वाढवत नाही. तीन हजार वाढवले तर धंदा बसेल का?
— एक उद्योजक, अक्कलकोट रोड

उत्तर: आधी नगावर किती पडतात ते काढा. ऑपरेटरचा सगळा खर्च महिना २४,००० धरू. २६ दिवसांनी भागू नका; रजा, सण, दांड्या जाऊन प्रत्यक्ष काम २३ दिवसांच्या आसपास होतं. २४,००० भागिले २३ गुणिले ८ म्हणजे तासाला १३० रुपये. एक माणूस दोन मशिनी बघत असेल तर मशीनला ६५. सायकल ३ मिनिटांची आणि ८५ टक्के चाल धरली तर तासाला १७ नग, म्हणजे नगाला ३ रुपये ८४ पैसे मजुरी. २७,००० केले की ४ रुपये ३२ पैसे. वाढ ४८ पैसे.

आता रिजेक्शन बघा. नगाचा कच्चा माल ८० रुपयांचा असेल तर रिजेक्शन ४ वरून ३ टक्क्यांवर आलं की नगामागे ८० पैसे वाचतात, भंगाराचे पैसे वजा केले तरी ६० पैसे उरतात. वर्षभर टिकलेला ऑपरेटर ऑफसेट (मापातली दुरुस्ती) कधी द्यायचा, इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) कड कधी फिरवायची हे जाणतो. दर चार महिन्यांनी नवा पोरगा उभा केला तर तेच ६० पैसे उलट्या बाजूनं जातात. तीन हजारांनी धंदा बसत नाही. पोरं सतत बदलत राहिली तर मात्र बसतो.

दराबाबत: ग्राहक स्टीलच्या भावातला फरक तिमाहीला देतो, मजुरीचा देत नाही, उलट दरवर्षी थोडा दर उतरवायला सांगतो. ते खरंच आहे. तरी कोटेशनमध्ये मजुरी, वीज, टूलिंग, मशीनचा तास असे वेगळे आकडे लिहून देत चला. एकच ‘जॉब रेट’ लिहिला की पुढे कशाचं काय वाढलं ते दाखवता येत नाही. किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. तो शासनाचा जाहीर कागद असतो, दरवाढ मागताना तोच जोडा.

प्रश्न: आमचा करार पाच महिन्यांपूर्वी संपला. मॅनेजमेंट म्हणते, सही होईल त्या दिवसापासून वाढ, मागचा फरक नाही, हवं तर १५,००० एकरकमी घ्या. पोरं म्हणतात, सगळ्यांनी एकदम रजा टाकू.
— युनियन प्रतिनिधी, चिंचोळी

उत्तर: मुदत संपली म्हणून जुना करार मेला असं होत नाही. एका बाजूनं लेखी नोटीस देऊन तो संपवल्याशिवाय, आणि नोटिशीनंतर ६० दिवस जाईपर्यंत, तो बांधतो. जुन्या सवलती चालू राहतात. मागचा फरक मात्र कायद्यानं आपोआप मिळत नाही, तो वाटाघाटीचा विषय आहे. म्हणून मागणीपत्रातच ‘अमुक तारखेपासून लागू’ लिहायचं आणि पोचपावती जपून ठेवायची. एकरकमीचं गणित: पहिला टप्पा ४,५०० चा असेल तर पाच महिन्यांचे २२,५०० होतात. १५,००० वर सही करायची असेल तर ७,५०० सोडतोय हे सभेत मोठ्यानं सांगून करा, आणि त्या रकमेवर पीएफ धरलाय की नाही तेही विचारा.

सामूहिक रजेची कल्पना सोडून द्या. औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी टाकलेली किरकोळ रजा हा संपच आहे. संपाला १४ दिवसांची नोटीस लागते, आणि समेट, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यापुढची मध्यस्थी, सुरू झाला की तो चालू असेपर्यंत व नंतरचे ७ दिवस संप करता येत नाही. दहा किंवा अधिक जण ठरवून बिननोटीस गैरहजर राहिले आणि सेवाशर्तींत नोटिशीची अट असेल, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. एका दिवसाच्या जोशाला आठवडाभराचा पगार जातो.

रस्ता सहायक कामगार आयुक्त कार्यालयातून जातो. तिथे समेटात झालेला करार, म्हणजे सगळे ज्याला अजून औद्योगिक विवाद कायद्यातल्या जुन्या कलमानं ‘बारा-तीन’ म्हणतात तो, कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, उद्या लागणाऱ्यांनाही. परस्पर केलेला ‘अठरा-एक’ फक्त सही करणाऱ्या बाजूंना बांधतो. कारखान्यात दुसरी युनियन असेल तर हा फरक पुढची तीन वर्षं त्रास देतो.

लांबलेल्या संपाचा हिशेबही संपावर बसण्यापूर्वी करावा. चाकणला बजाज ऑटोमध्ये २०१३ साली २५ जूनला सुरू झालेला संप ५० दिवस चालला. एक रुपया दराने ५०० शेअर ही त्यातली गाजलेली मागणी होती, ती पदरात पडली नाही. आजच्या २४,००० पगारावर तेवढ्या काळातले साधारण ४३ कामाचे दिवस म्हणजे ३९,७०० रुपये बुडतात. संपानं महिना हजार जास्त मिळवले तरी ते भरून यायला ४० महिने लागतात, आणि करार ३६ महिन्यांचा असतो.

प्रश्न: अमेरिकेत वाहन कामगारांनी एका संपात २५ टक्के वाढ मिळवली असं वाचलं. आपल्याकडे का होत नाही?
— आयटीआय विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर: ती वाढ एका वर्षाची नव्हती. तिथल्या वाहन कामगारांच्या यूएडब्ल्यू युनियनचा संप १५ सप्टेंबर २०२३ ला फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलांटिस या तिन्हींत एकदम सुरू झाला, पण फक्त तीन कारखान्यांत. मग एकेक वाढवत नेला. बाकीचे कामावर राहिले, त्यामुळे युनियनच्या निधीतून आठवड्याला ५०० डॉलर द्यायचे ते थोड्यांनाच लागले. मागणी ४० टक्क्यांची होती. मिळाले २५ टक्के, साडेचार वर्षांत, एप्रिल २०२८ पर्यंत. त्यातले ११ टक्के सुरुवातीलाच. म्हणजे पहिला टप्पा ४४ टक्क्यांचा. याशिवाय गेलेला महागाई भत्ता परत आला आणि नव्या कामगाराला वरच्या दरावर पोचायला लागणारी आठ वर्षं तीनवर आली. आमच्या मते त्या करारात ही शेवटची गोष्ट सगळ्यांत मोठी आहे. आपल्याकडे करार पर्मनंटचा होतो आणि शेजारच्या मशीनवरचा ट्रेनी, ॲप्रेंटिस, ठेकेदाराचा माणूस त्याच्या बाहेर राहतो. ज्या युनियनच्या मागे शिफ्टमधले निम्मेच लोक आहेत, तिच्या संपात लाइन बंद पडत नाही. तुम्ही शिकून बाहेर पडाल तेव्हा बहुधा याच दुसऱ्या निम्म्यात असाल. फिक्स्ड टर्मवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीवर घेतलं तर एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते, तेवढं नेमणूकपत्रात बघून घ्या.

प्रश्न: करारानं यजमानांचा पगार जुलैमध्ये २१,००० च्या वर गेला. सासूबाईंची औषधं होटगी रोडच्या कामगार विमा दवाखान्यातून येतात. ती लगेच बंद होतील का?
— एक वाचक भगिनी, नीलमनगर

उत्तर: लगेच नाही. वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो. मध्येच विम्याची २१,००० ची पगार मर्यादा ओलांडली तरी तो काळ संपेपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, कपात चालू राहते. या काळाच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो, म्हणून उपचार पुढच्या ३० जूनपर्यंत चालायला हवेत. कंपनीनं जुलैपासूनच कपात थांबवली असेल तर यजमानांना एचआरकडे लेखी विचारायला सांगा. ओव्हरटाइममुळे एखाद्या महिन्यात २१,००० ओलांडले असतील तर ते मर्यादेत धरत नाहीत. विमा संपल्यावर ६० वर्षांवरच्या आईला नव्या पॉलिसीत घेताना आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ लागतो, म्हणून पॉलिसी जूनपर्यंत न थांबता आत्ताच घ्या. कंपनीची समूह पॉलिसी असेल तर तीत आई-वडील येतात का, हे करारावर सही होण्यापूर्वी विचारायचं असतं. तुमच्याकडे पुढचा टप्पा बाकी असेल, तर युनियनकडे अजून बोलता येईल.